वनाझ–रामवाडी मेट्रो आणि दोन्ही टोकांना सायकल : कोणती घ्यावी, कुठे लावावी?

भुसारीकर
भुसारी कॉलनी ते खराडी, आठवड्याचे पाच दिवस. घर ते वनाझ स्टेशन साधारण दोन किलोमीटर, सकाळी उतार. वनाझ ते रामवाडी मेट्रो, १६ स्टेशनं, पस्तीस मिनिटांच्या आसपास. रामवाडी ते ऑफिस पाच किलोमीटर, मुंढवा–खराडी बायपासच्या पलीकडे.

मेट्रोच्या भागाची चिंता नाही. दोन टोकांचं काय करायचं, ते ठरत नाही. तीन मार्ग दिसतात:
(अ) फोल्डिंग सायकल, घरापासून ऑफिसपर्यंत सोबत.
(ब) दोन जुन्या सायकली, एक वनाझला, एक रामवाडीला.
(क) साधी हायब्रिड सायकल आहे, तीच मेट्रोत न्यायची.
रोज वापरणाऱ्यांनी किंवा सायकलीतलं कळणाऱ्यांनी नेमकं सांगावं. ऑफिसात शॉवर नाही, कपडे फॉर्मल.

पेठेतला_पंप
(क) बाद करा. पुणे मेट्रोत घडी न होणारी सायकलही नेऊ देतात, त्यामुळे अडचण नियमाची नाही, लांबीची आहे. ७०० च्या चाकांची सायकल पावणेदोन मीटर लांब असते. गाडी तीन डब्यांची. सकाळी साडेनऊला जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनवर दोन्ही मार्गिकांची माणसं एकाच दारातून चढतात-उतरतात, तिथे हँडल कोणाच्या तरी पोटात जाणार. रविवारी किंवा सकाळी सातच्या आत ठीक आहे.

सई_प
(अ)च्या बाजूने एक मुद्दा. तुमची दोन्ही स्टेशनं टोकाची आहेत, आणि हा मोठाच फायदा आहे. वनाझला गाडी रिकामी मिळते. सायकल डब्याच्या टोकाच्या कोपऱ्यात लावून उभं राहायचं, मग गर्दी आपल्याभोवती भरत जाते. रामवाडीला सगळेच उतरतात, आपण शेवटी उतरायचं. संध्याकाळी हेच उलट. नळ स्टॉपला किंवा मंगळवार पेठेला घडीची सायकल घेऊन चढायचं असतं तर वेगळा सल्ला दिला असता.

महिलांच्या राखीव डब्यात तुलनेने जागा मिळते, तेव्हा बायकांसाठी हा पर्याय आणखी सोपा.

कुलूपकिल्ली
(ब)मध्ये एक गोष्ट सगळे विसरतात. वनाझची सायकल दिवसा स्टेशनवर असते, रात्री घरी. रामवाडीची सायकल दिवसा ऑफिसात असते आणि रात्रभर स्टेशनवर. शनिवार-रविवार धरला तर शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, सलग. चोरीची खरी वेळ तीच. म्हणून रामवाडीला कायमची सोय आधी बघा, सायकल नंतर. जवळचं एखादं दुकान, सोसायटीचा वॉचमन, पे अँड पार्क, काहीही चालेल, पण महिन्याचे पैसे ठरवून द्या. फुकटची जागा पावसाळ्यात हातची जाते.

कुलपाबद्दल:
वायरचं कुलूप, मग ते १० मिमी जाड का असेना, केबल कटरने काही सेकंदात तुटतं. ते फक्त सीट किंवा हेल्मेट अडकवायला वापरा. यू-लॉकचा दांडा १२ मिमी किंवा जास्त हवा. लावताना मागचं चाक आणि फ्रेमची सीटखालची नळी दोन्ही कुलपात घ्या, आणि कुलपात मोकळी जागा कमीत कमी राहील असं बघा. मोकळ्या जागेत पहार घालून पिरगाळता येते. पुढच्या चाकाला क्विक रिलीज (हातानेच उघडणारी लिव्हर) असेल तर तो काढून ५ मिमी ऍलन कीने उघडणारा स्क्यूअर (चाकाचा आरपार दांडा) बसवा, नाहीतर संध्याकाळी एका चाकाची सायकल मिळेल.

झाडाच्या जाळीला, तारेच्या कुंपणाला किंवा वरून उघड्या असलेल्या खांबाला लावू नका. खांब उघडा असेल तर कुलपासकट सायकल वर उचलून नेतात.

आणि आजच करा: पेडलच्या एक्सलखाली, फ्रेमवर कोरलेला क्रमांक असतो. त्याचा फोटो आणि खरेदीचं बिल मोबाइलमध्ये ठेवा. तक्रार नोंदवताना हे दोन नसतील तर सायकल तुमची आहे हे सिद्ध करणं कठीण.

घाटवाट
कुलूप सायकलीपेक्षा महाग पडेल की :)

कुलूपकिल्ली
@घाटवाट, जुन्या सायकलीच्या बाबतीत पडू शकतं, आणि तरीही घ्यावं. सायकल बदलली तरी कुलूप तेच राहतं.

तेलपाणी
(ब)साठी नेमकी सायकल सुचवतो. २८ × १½ टायरची काळी रोडस्टर, पूर्ण चेनकव्हर असलेली, जुनी पण रिम सरळ असलेली. गिअर नाही, क्विक रिलीज नाही, चोराला तिच्यात रस नाही. चेन बंद असल्याने पँटला काळं लागत नाही, ओढणी अडकत नाही, पावसात चेन बाहेरच्या चेनपेक्षा कितीतरी जास्त टिकते. रामवाडी–खराडी जवळजवळ सपाट आहे, सिंगल स्पीड पुरतो.

दोन तोटे. एक, वजन २० किलोच्या घरात. दोन, दांड्याचे ब्रेक. ते पावसात जवळजवळ लागतच नाहीत, कारण रबर रिमच्या आतल्या बाजूला, ओल्या क्रोमवर घासतं. घेताना वायरचे कॅलिपर ब्रेक असलेली बघा, किंवा अंतर दुप्पट ठेवा.

व्हॉल्व्हसुद्धा बघा. या सायकलींना जुना व्हॉल्व्ह असतो, आत रबरी नळी. ती नळी उन्हाने कडक होते आणि हवा हळूहळू जाते. लोक पंक्चर समजून ट्यूब बदलतात. आधी व्हॉल्व्ह ट्यूब बदला, काही रुपयांचं काम आहे.

निमिष_
पाच किलोमीटरसाठी एवढा खटाटोप? रामवाडीहून बस आहे, शेअर रिक्षा आहे.

सई_प
@निमिष_, वेळेचा हिशेब मांडून बघा. सायकलीने: घर ते वनाझ ७ मिनिटं, घडी घालणं आणि तपासणी ६, गाडीची वाट ७, प्रवास ३५, सायकल उघडणं ३, पुढचे पाच किलोमीटर ताशी १४–१५ ने २१. एकूण ७९. यातली गाडीची वाट सोडली तर काहीही वर-खाली होत नाही. बसने कदाचित सरासरी तेवढीच निघेल, पण संध्याकाळी बायपासचा सिग्नल तुंबला की बस त्यातच उभी राहते. सायकल कडेने निघते, किंवा उतरून ढकलता येते. ठरलेल्या वेळी पोचता येणं हा सायकलीचा खरा गुण, वेग नव्हे.

पेठेतला_पंप
सई_प यांच्याशी सहमत. पण फोल्डिंगबद्दल लोकांचे दोन गैरसमज असतात.

पहिला: लहान चाक म्हणजे जास्त पेडल मारावे लागतात. तसं नाही. २० × १.७५ टायरचा परीघ साधारण १.५५ मीटर. पुढे, पेडलपाशी, ५२ दात्यांचा चेनव्हील, मागच्या चाकावर १४ दात्यांचं चक्र असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात ५२ ÷ १४ × १.५५ = पावणेसहा मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी वीसच्या वर. मागे २८ चा दाता टाकला की एका फेऱ्यात २.९ मीटर, पौड रस्त्याने भुसारी कॉलनीकडचा संध्याकाळचा चढ बसूनच निघतो. बनवणारे पुढचा चेनव्हील मोठा देतात तो याचसाठी.

दुसरा: सगळ्या फोल्डिंग सारख्याच. मुळीच नाही. २० इंची चाकांची घडी साधारण ८० × ६५ × ३५ सेंमी होते, वजन १२ ते १५ किलो. १६ इंची ब्रॉम्प्टनची घडी ५८.५ × ५६.५ × २७ सेंमी. स्टेशनवरच्या सामान तपासणी यंत्राचं तोंड सहसा ६० × ४० सेंमी असतं. ब्रॉम्प्टन आडवी घातली तर त्यातून जेमतेम जाते, २० इंची जात नाही, ती हाताने तपासतात. त्यामुळे २० इंची घेणार असाल तर यंत्राच्या रांगेत न शिरता थेट सुरक्षारक्षकाला दाखवा, आणि आत जायला व्हीलचेअरचं रुंद फाटक वापरा.

तेलपाणी
@पेठेतला_पंप, मापं बरोबर, पण ब्रॉम्प्टनचा टायर पुण्यात मिळवणं अवघड. तिचं १६ इंच म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास ३४९ मिमी. आपल्याकडे मुलांच्या सायकलीला जो १६ × १.७५ मिळतो तो ३०५. दोन्हीवर '१६' लिहिलेलं असतं, एकमेकांत बसत नाहीत. २० इंचीचं उलट आहे: ४०६ हे माप मुलांच्या २० × १.७५ सायकलीचंच, कुठल्याही पेठेतल्या दुकानात ट्यूब मिळते. फक्त टायरच्या बाजूवर ४७-४०६ असं काही तरी लिहिलंय का ते वाचा. २० × १⅜ असेल तर ते ४५१, तेही वेगळं. रोज वापरायची सायकल असेल तर ट्यूब कोपऱ्यावर मिळणं हे दोन किलो वजन वाचण्यापेक्षा मोलाचं.

घाटवाट
सायकल उचलायची वेळ येते तेव्हाचं कोणीच लिहीत नाही. सरकत्या जिन्यावर घडीची सायकल उभी धरू नका, पॅडल पायऱ्यांच्या फटीत किंवा कडेच्या ब्रशमध्ये अडकतं. लिफ्ट वापरा. लिफ्टला रांग असेल तर साधा जिना.

फलाटावर सायकल उचलून चालायची गरज नाही. फ्रेमची घडी घाला, पण सीट वरच ठेवा. सीट धरून ढकलली की ट्रॉलीसारखी चाकांवर जाते. सीट खाली सरकवायची ती डब्यात शिरल्यावर. म्हणून सीटच्या दांडीवर आपल्या उंचीची खूण करून ठेवा, ऑइल पेंटची बारीक रेघ पुरते. नाहीतर रामवाडीला रोज अंदाजाने सीट लावाल आणि गुडघे दुखतील.

सातारा_रस्ता
थोडं विषयांतर. स्वारगेट–कात्रजवाल्यांनी हे वाचत असाल तर: जांभळी मार्गिका पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला थांबते, तिथून कात्रजकडे सलग चढ. उलट दिशेने, म्हणजे सकाळी कात्रजहून स्वारगेटला उतार. त्यामुळे घाम संध्याकाळी येतो, जेव्हा तो आला तरी चालतो. सातारा रस्त्यावर सायकल ट्रॅक आहे, पण पेव्हर ब्लॉक खचलेले, मध्ये विजेचे फीडर बॉक्स, आणि गाड्या लावलेल्या. ट्रॅक सोडून डाव्या लेनच्या एक तृतीयांश आत चालवणं जास्त सुरक्षित. अगदी कडेला चालवलं की मागचा माणूस घासून ओव्हरटेक करतो आणि थांबलेल्या गाडीचं दार उघडलं तर पळायला जागा नाही.

शिवाजीनगर ते स्वारगेट भुयारी आहे, पायऱ्या खूप. जिल्हा न्यायालयाला तर खालच्या फलाटावरून वरच्या मार्गिकेवर जायचं म्हणजे जमिनीखालून थेट उन्नत फलाटावर. तिथे बदल असेल तर १२ किलोपेक्षा जड सायकल घेऊ नका, आणि लिफ्टसाठी जादा पाच मिनिटं धरा.

चिंचवडचा_लोकल
लोणावळा लोकलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. आकुर्डी, तळेगाव भागातून शिवाजीनगरला येणाऱ्यांसाठी लोकल अजूनही सर्वांत स्वस्त. अख्खी सायकल लगेजच्या डब्यातच न्यायची, पण रेल्वेच्या मोफत सामानात सायकल धरत नाहीत, सामानाचं वेगळं तिकीट लागतं. घडी घालून पिशवीत असेल तर ती हातातल्या सामानासारखी जाते. पिशवी साधी, ताडपत्रीची शिवून घ्या, खाली दुहेरी कापड, नाहीतर चेनव्हीलचे दाते आठवड्यात भोक पाडतात.

स्टेशनच्या सायकल स्टँडवर महिन्याचा पास काढणं बरं. (ब) पर्यायात रेल्वे स्टेशनला हा फायदा आहे, तिथे स्टँडची परंपरा जुनी आहे.

निमिष_
बरं, मग पीएमपीच्या बसमध्ये फोल्डिंग चालते का?

सई_प
बहुतेक बसना सायकलीसाठी रॅक नाही. घडीची सायकल कंडक्टरच्या मर्जीवर. पिशवीत असेल आणि बस रिकामी असेल तर सहसा अडचण येत नाही. लो-फ्लोअर बसमध्ये मधल्या दाराजवळ व्हीलचेअरची जागा असते, तिथे ठेवा, पण व्हीलचेअरवाले आले तर पहिल्यांदा सायकल हलवायची. गर्दीच्या बसमध्ये नेऊच नका.

भुसारीकर
खूप उपयोगी चर्चा. दोन प्रश्न. रामवाडीपासून पुढचा रस्ता कसा? आणि घामाचं काय?

घाटवाट
रस्ता: नगर रस्त्याने विमाननगर चौक, मग खराडी बायपास चौकात उजवीकडे, हा सरळ दिसणारा मार्ग सायकलीला वाईट. जड वाहनं, आणि चौकात उजवं वळण घेताना तीन लेन ओलांडाव्या लागतात. नगर रस्त्याच्या दक्षिणेला वडगाव शेरीच्या आतून जा. रस्ता अरुंद, वेग कमी, भाजीवाले आणि रिक्षा, पण कोणी साठने येत नाही. अंतर थोडं वाढतं. बायपास ओलांडायचा तो सिग्नलवरच, सायकलीवरून उतरून, पादचाऱ्यांबरोबर. तिथे दुभाजकातल्या फटीतून घुसण्याचा मोह टाळा, समोरचा डंपरवाला तुम्हाला शेवटच्या क्षणी बघतो.

मेट्रोच्या पुलाखाली, म्हणजे पौड रस्ता, कर्वे रस्ता, नगर रस्ता सगळीकडे, एक धोका सारखाच आहे. खांबांमुळे यू-टर्न घेणारी गाडी आणि रस्ता ओलांडणारा माणूस दिसत नाही. भर दिवसा पुढचा दिवा लुकलुकता ठेवा. मागचा दिवा लाल, सीटच्या दांडीवर लावा, पण बॅग किंवा रेनकोट त्यावर लोंबत नाही ना ते बघा. बहुतेकांचा दिवा तिथेच झाकला जातो.

सई_प
घाम: पाठीवरची सॅक हे पहिलं कारण. लॅपटॉप पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या बॅगेत टाका, पाठ कोरडी राहते. लॅपटॉपच्या खाली आणि बाजूला फोमची शीट हवी, कारण गतिरोधकांचे धक्के कॅरिअरवर पाठीपेक्षा जोरात बसतात.

ताशी पंधराच्या वर जाऊ नका, शेवटचं अर्धं किलोमीटर बारावर आणा. पोचल्यावर लगेच शर्ट बदलू नका, दहा मिनिटं पंख्याखाली बसा, मग ओल्या नॅपकिनने पुसून बदला. लगेच बदलला तर नवा शर्टही भिजतो. फॉर्मल पँट आणि बूट ऑफिसातच ठेवा, सोमवारी नेऊन शुक्रवारी आणा. चालवताना पॉलिस्टरचा टी-शर्ट, सुती नको, सुती वाळत नाही.

तेलपाणी
जूनच्या आधी करायची कामं, कोणतीही सायकल असो:

मडगार्ड पूर्ण लांबीचे. ३५ मिमीच्या टायरला ४५ मिमी रुंद मडगार्ड लागतो. पुढच्याला खाली रबराची पट्टी लावा, चेनवर आणि बुटांवर उडणारा चिखल तीच अडवते.

चेनला पावसाळ्यात जाड तेल, उन्हाळ्यात पातळ. दोन्ही वेळा तेल लावून पाच मिनिटांनी फडक्याने बाहेरून पुसून काढा. तेल कड्यांच्या आत हवं, बाहेर राहिलं की धूळ धरतं आणि तीच धूळ दाते खाते. चेन ताणली की नाही ते स्टीलच्या पट्टीने मोजा: पिनेपासून पिनेपर्यंत २४ कड्या म्हणजे ३०४.८ मिमी. ३०७ झाली की बदला. आणखी ओढलीत तर फ्रीव्हीलही बदलावं लागतं.

ब्रेक रबर: रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत पहिले दोन फेरे ब्रेक लागत नाही. उतारावर, म्हणजे तुमच्या बाबतीत रोज सकाळी वनाझच्या आधी, हलका ब्रेक आधीच धरून ठेवा. रबरात अडकलेले वाळूचे कण सुईने काढा, नाहीतर रिमला चरे पडतात. पांढरे पट्टे, चेंबरची झाकणं आणि लोखंडी प्लेटा पावसात सरळ ओलांडा, वळत वळत नाही.

फोल्डिंग असेल तर बिजागरी. लिव्हर बंद करताना अर्ध्या वाटेत हाताला जोर लागायला हवा. सहज बंद होत असेल तर मागचा नट पाव वळसा घट्ट करा. सुरक्षा खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. दर तीन महिन्यांनी बिजागरीची पिन पुसून ग्रीसचा पातळ थर द्या. फ्रेममधून 'टक' असा आवाज येऊ लागला की चालवणं थांबवा आणि दुकानात दाखवा, तेल टाकून आवाज घालवू नका.

सातारा_रस्ता
हवेबद्दलही लिहा.

तेलपाणी
सत्तर किलोच्या माणसासाठी २० × १.७५ ला मागे ५०, पुढे ४५ पीएसआय. लहान चाक खड्ड्यात खोल जातं, त्यामुळे हवा कमी असेल तर रिम ट्यूबला चिमटा काढते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी भोकं दिसली तर काच-खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती इतकंच. मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर भरता येते, पण सायकलीची ट्यूब काही सेकंदात भरते. थोडी-थोडी भरा, अंगठ्याने दाबून बघा, एकदम दाबलीत तर फुटते.

भुसारीकर
सगळं वाचून (अ) ठरवतोय, २० इंची, ४०६ ची, मागे कॅरिअर असलेली. रामवाडीला रात्रीची खात्रीची जागा मिळत नाही तोवर (ब)चा विचार नाही. घेण्याआधी काय तपासू?

पेठेतला_पंप
दुकानात स्वतः घडी घालून बघा, विक्रेत्याला घालू देऊ नका. अर्ध्या मिनिटाच्या आत जमली पाहिजे. मग घडी घातलेली सायकल उचलून दुकानाच्या जिन्यावर एक मजला चढा. कॅरिअर घडीच्या आड येतो का, आणि त्यावर पॅनिअर अडकवली तर टाच तिला लागते का, हे चालवून बघा. लहान चाकांच्या सायकलीत कॅरिअर खाली असतो, टाच लागणं नेहमीचं. लागत असेल तर पॅनिअरऐवजी हँडलच्या पुढे फ्रेमवर बसणारी बॅग घ्या.

कुलूपकिल्ली
ऑफिसात सायकल टेबलाखाली ठेवू देतात का ते खरेदीच्या आधी लेखी विचारा. बेसमेंटमध्येच लावा म्हणाले तर फोल्डिंगलाही कुलूप लागेल, आणि घडीच्या फ्रेमला यू-लॉक बसतोच असं नाही, कुलूप दुकानात सायकलीवर लावून बघा.

तेलपाणी
आणि ४०६ च्या दोन ट्यूब त्याच वेळी घ्या. व्हॉल्व्ह रिमच्या भोकात बसतो का बघा, जाड व्हॉल्व्हचं भोक ८.५ मिमीचं असतं. १५ नंबरचा पाना बॅगेत ठेवा, मागचं चाक बहुतेक फोल्डिंगला नटाचंच येतं.